दारात अडवलेला तक्ता

ऑफिसात तिला सगळे पुन्हाताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते तिच्या शेजारी अर्धा दिवस बसलेल्या माणसालाही कळलं असतं. काम संपलं की ती खुर्ची पुढे ओढायची, चष्मा नाकावर नीट बसवायची आणि हळूच म्हणायची, "पुन्हा एकदा बघू."

प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतं. पेपर लिहून झाला तरी ते वेळ संपेपर्यंत हातचा सोडत नाही. बाकीची मुलं बाहेर दंगा करत असतात आणि हे आपलं पहिल्या उत्तरापासून बोट फिरवत बसलेलं. पुन्हाताई तसं मूल होती आणि पन्नाशी उलटली तरी तशीच राहिली.

घरातून निघताना ती आधी गॅसचं बटण बघायची, मग खिडक्या, मग दार लावून कुलूप ओढायची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. खाली कोपऱ्यावरच त्याचं छोटं दुकान होतं, त्यामुळे दोघं बरोबरच निघत. तो जिन्यात उभा राहून वाट बघायचा.

"अगं, ओशाळलं ते कुलूप. किती ओढशील?"

"अहो, एकदाच तर ओढलं."

"मला टिकटिक मोजायची सवय आहे. मला नको सांगूस."

ती हसायची, चार पायऱ्या उतरायची आणि तिला वाटायचं, खरंच लागलंय ना? या भित्रेपणाची तिला लाज वाटायची. पण तिच्या कामात तो खपून जायचा. इतकंच नाही, तिथं तो थोडा हवाच होता.

ती ज्या कारखान्यात होती तिथं नवजात बाळांना ऊब देणारी मशीनं बनत. वरती तापणारी कांडी, खाली बाळाला ठेवायची गादी, आणि बाळाच्या अंगाला चिकटवायची एक बारीक तार. त्या तारेकडून बाळाचं अंग किती गरम आहे ते मशीनला कळतं. मग कांडी कधी कमी करायची, कधी वाढवायची आणि सिस्टरला बोलवायला घंटा कधी वाजवायची, हे सगळं एका तक्त्यात लिहिलेलं असतं. ते तक्ते पुन्हाताई करायची. डॉक्टरांकडून आकडे यायचे, ती ते मशीनला समजतील असे मांडायची.

पूर्वी हे तक्ते कागदावर होते. मग कम्प्युटर आले, आणि कम्प्युटरबरोबर गिट आलं. गिट म्हणजे फाइलींमधले बदल जपून ठेवणारं टूल. आज तुम्ही काय बदललं, कुणी बदललं, कधी, सगळं ते सामायिक साठ्यात नोंदवून ठेवतं. मशीनमध्ये जे भरतात ते त्या साठ्यातूनच. तुमच्या टेबलावरच्या कम्प्युटरमध्ये कितीही सुंदर तक्ता असो, तो साठ्यात गेला नाही तर मशीनच्या लेखी तो जन्मलाच नाही.

हे टूल तिला शिकवलं ते ऑफिसातल्या आजोबांनी. केस काळे असल्यापासून ते आजोबाच होते. आता ते निवृत्त होऊन बागेत कुंड्या रंगवत बसत. टूल वापरण्याआधी त्याला काही गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात: तुमचं नाव काय, पत्ता काय, कुठल्या फाइलींकडे लक्ष द्यायचं, कुठल्यांकडे नाही. आजोबांनी ही सगळी सेटिंग कधीतरी बसून केली होती आणि त्यांच्या खात्यात जो नवा येईल त्याला ते ती फाइल तशीच देत. घरातलं मोठं पातेलं थोरल्या जावेकडून धाकटीकडे जावं, तशी ती फाइल टेबलाटेबलावरून फिरत आली होती. प्रत्येकाने आपलं नाव तेवढं बदललं. आत काय आहे ते कुणी वाचलं नाही. पुन्हाताईनेसुद्धा नाही. बाकी सगळं ती दोनदा बघायची, पण आजोबांनी दिलेलं तपासायचं म्हणजे तिला त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं असतं.

त्या सकाळी तिच्या टेबलावर नवा कम्प्युटर आला. जुना उचलून टेबलाखाली ठेवला होता. शेजारच्या टेबलावरचा बडबड्या, जो मशीनच्या पडद्यावरची अक्षरं आणि चित्रं करायचा, खुर्ची वळवून बसला.

"ताई, पेढे कुठायत?"

"कशाचे?"

"नव्या कम्प्युटरचे. जुन्याचं बारसं झालं तेव्हा मी शाळेत होतो."

"मेल्या, तू शाळेत होतास ते तुझ्या स्पेलिंगवरून वाटत नाही," ती म्हणाली आणि कामाला लागली. पेनड्राइव्हवर आणलेली आजोबांची सेटिंगची फाइल नव्या कम्प्युटरवर ठेवली, नाव तपासलं आणि टूलला सांगितलं, की साठ्यातलं सगळं काम इथं आण. नावं पडद्यावरून सरसर खाली गेली. मग सवयीप्रमाणे ती म्हणाली, "पुन्हा एकदा बघू," आणि एकेक कप्पा उघडत गेली.

मोठ्या मशीनचा तक्ता होता. प्रवासी मशीनचा होता. छोट्या मशीनचा कप्पा उघडला. त्यात प्रोग्रॅमची फाइल होती, माहितीची होती. तक्ता नव्हता.

छोटं मशीन नवीन होतं. कमी वजनाच्या, दिवस पूर्ण न झालेल्या बाळांसाठी. त्यांची कातडी कागदासारखी असते, ती पटकन तापतात आणि पटकन गार पडतात, म्हणून त्यांचा तक्ता वेगळा. घंटा लवकर वाजवणारा. पुन्हाताईने तो महिनाभर खपून केला होता, डॉक्टरांशी भांडूनसुद्धा. तिने कप्पा बंद करून पुन्हा उघडला. मग सगळं काम पुसून पुन्हा आणलं. तक्ता नव्हता.

तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"काय झालं?" बडबड्याने विचारलं.

"काही नाही. जुना कम्प्युटर जरा लावून देतोस?"

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की त्याने विनोद केला नाही. टेबलाखाली वाकून तारा जोडल्या. जुना कम्प्युटर घरघरत सुरू झाला. तिने कप्पा उघडला आणि तिथं तक्ता होता. तिचाच, तिच्या हाताने केलेला, शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. क्षणभर तिच्या जिवात जीव आला. मग तिने टूलला विचारलं, नोंदवायचं काही राहिलंय का? टूलने उत्तर दिलं, काही नाही, सगळं स्वच्छ आहे.

तक्ता डोळ्यांसमोर होता आणि टूल म्हणत होतं, असं काही नाहीच. पाळण्यात मूल रडतंय आणि घरातला माणूस शांतपणे सांगतोय की घरात मूल नाही, तसं तिला झालं. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"सरका," बडबड्या म्हणाला. "त्यालाच विचारू, का दुर्लक्ष करतोयस म्हणून. तसं विचारता येतं." त्याने एक ओळ टाइप केली. टूलने लगेच उत्तर दिलं. आजोबांच्या सेटिंगमध्ये, दुर्लक्ष करायच्या यादीत, एक ओळ होती: तक्त्याच्या जातीच्या कुठल्याही फाइलीकडे बघू नये.

"पण बाकीचे तक्ते तर आहेत आत," ती म्हणाली.

"ते दुसऱ्या खात्याने आधीच आत टाकलेले होते. याने एकदा ओळख धरली की तो सोडत नाही. नव्याला मात्र दारातच अडवतो." तो थांबला. "छोट्या मशीनचा तक्ता हा पहिलाच नवा असेल, ना? इतक्या वर्षांत?"

पहिलाच होता. आणि काम नोंदवताना तिने एकेका फाइलीचं नाव कधीच सांगितलं नव्हतं. एखादी विसरेल या भीतीने ती टूलला नेहमी सांगायची, सगळं घे. त्याने सगळं घेतलं. ज्याकडे बघू नको म्हणून सांगितलं होतं, ते सोडून सगळं. प्रोग्रॅमची फाइल गेली, माहितीची गेली, त्या गेलेल्या बघून तिचं समाधान झालं. मग तिने छोट्या मशीनची परीक्षा घेतली तीसुद्धा आपल्याच कम्प्युटरवर. तिथं तक्ता होताच.

तिने आजोबांना फोन लावला.

"ती ओळ?" आजोबा म्हणाले. "अगं, तेव्हा ते चाचणीचं यंत्र होतं ना, ते दिवसभर तसल्या फाइली ओकत बसायचं. शेकड्यांनी. सगळा कचरा. मी टूलला म्हटलं, याच्याकडे बघूच नको. का, काय झालं?"

"आता आपले तक्ते त्याच जातीत ठेवतात."

फोनवर कुंडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पोरी," आजोबा म्हणाले, "मग छोटं मशीन कशावर चाललंय?"

तिला ते माहीत होतं. तोंडाने म्हणायला नको होतं, म्हणून ती इतका वेळ दुसरं काहीतरी विचारत होती. मशीनला आपला तक्ता सापडला नाही तर ते बंद पडू नये, म्हणून तशी सोय केलेली होती: ते मोठ्या मशीनचा तक्ता घेतं. चाचणीच्या खोलीत घंटा वाजते की नाही एवढंच बघितलं होतं. वाजली होती. पण ती धडधाकट बाळांसाठीची घंटा होती. छोट्या बाळासाठी ती फार उशिरा वाजली असती.

आणि एक छोटं मशीन बाहेर गेलेलं होतं. कालव्याजवळच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात, वापरून बघायला म्हणून.

एक विचार तिच्या मनात आला, आणि तो आला हे नाकारण्यात अर्थ नाही. तक्ता आत्ता साठ्यात टाकावा, ती ओळ पुसावी, दवाखान्यात जाऊन नेहमीची तपासणी म्हणून मशीन नवीन भरून यावं. बडबड्या काही बोलला नसता. तिने साहेबांच्या बंद दाराकडे बघितलं. साहेबांना ती जुन्या शाळेतल्या हेडमास्तरांना घाबरावं तशी घाबरायची. पण दवाखान्यात आत्ता फोन करायला हवा होता, आणि तिचा फोन कोण उचलणार? साहेबांचा उचलला असता. ती उठली. साहेबांचं दार तिने न वाजवताच उघडलं.

"साहेब, छोट्या मशीनमध्ये माझा तक्ता गेलेला नाही. चूक माझी आहे. कशी झाली ते नंतर सांगते. कालव्याजवळच्या दवाखान्यातलं मशीन मोठ्या तक्त्यावर चाललंय. त्याची घंटा उशिरा वाजणार."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आत बाळ आहे?"

"माहीत नाही."

त्यांनी तिच्याकडे न बघता फोन उचलला. दवाखान्याचा फोन वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला, थांबा म्हणालं, आणि थांबवूनच ठेवलं. साहेबांनी फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने दाराकडे खूण केली. "तुम्ही निघा. मी लावत राहतो. तक्ता घेऊन जा."

बडबड्याने स्कूटर काढली. ती मागे बसली, पेनड्राइव्ह मुठीत. स्कूटरवर ती एरवी कधीच बसत नसे, घाबरायची. आज तिला स्कूटरची भीती वाटली नाही. रस्त्यात सिग्नल लागला. बडबड्या म्हणाला, "ताई, खांदा सोडा थोडा, हाड मोडेल." तिने पकड सैल केली आणि पुन्हा घट्ट केली. सिग्नलशेजारी एक बाई बाबागाडी ढकलत होती. पुन्हाताईने तिकडे बघायचं टाळलं.

दवाखान्यात वरच्या मजल्यावर बाळांची खोली होती. बाहेर बाकावर एक माणूस बसून रिकाम्या पिशवीची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता. आत खोलीत उष्ण, स्वच्छ वास होता. एक उंच सिस्टर फायलीत लिहीत होती. खिडकीजवळ छोटं मशीन उभं होतं, वरची कांडी तांबूस, आणि गादीवर एक बाळ. हाताच्या ओंजळीत मावेल एवढं.

"मशीनवाल्या का?" सिस्टर म्हणाली. "खाली तुमच्या साहेबांचा फोन आलाय म्हणे, आत्ताच निरोप आला. मी जाणारच होते, पण एकटीच आहे. काय झालं?"

"मशीन ठीक चालतंय ना?" पुन्हाताईने विचारलं.

"छान आहे हो. हे शहाणं आहे. जुनं मेलं सारखं ठणाणा करायचं, बाळ जरा हललं की टूं टूं. हे एकदा म्हणून ओरडलं नाही."

पुन्हाताई मशीनजवळ गेली.

"सिस्टर, त्याने ओरडायला हवं होतं. त्याची घंटा चुकीची लावलीय. तुम्ही बाळाचं अंग हाताने बघता का? आत्ता?"

सिस्टरने तिच्याकडे एक क्षण बघितलं. मग लिहिणं सोडून आली, हात गरम पाण्याने धुऊन पुसला आणि बाळाच्या पोटावर ठेवला. खिशातला थर्मामीटर काढून बाळाच्या काखेत धरला. त्या वेळात पुन्हाताईला बाळाची छाती दिसत होती. खाली, वर. इतकी बारीक हालचाल की प्रत्येक वेळी वाटत होतं ही शेवटची. बाळाचा चेहरा लाल होता. ओठ कोरडे होते. एवढं लहान बाळ मुळातच लाल असतं का? तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाळांचे तक्ते करून तिने असं बाळ कधी जवळून बघितलंच नव्हतं.

सिस्टरने थर्मामीटर बघितला आणि हात लांबवून कांडी बंद केली.

"तापलंय," ती म्हणाली. "जास्त नाही. पण तापलंय." तिने दाराबाहेर हाक मारली. शेजारच्या खोलीतून बाळाची आई भिंतीला धरून आली. सिस्टरने तिला खुर्चीत बसवलं, तार काढून बाळ उचलून तिच्या छातीवर ठेवलं आणि वर पातळ चादर पांघरली. "आता तूच मशीन. हलू नकोस." मग डॉक्टरांना बोलवायला गेली.

आई वीस-बावीस वर्षांची असेल. ती बाळाच्या डोक्याकडे बघत होती, मग पुन्हाताईकडे.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही." पुन्हाताई अडखळली. "मशीन कधी ओरडायचं ते त्याला मी सांगते. ते नीट सांगितलं गेलं नव्हतं. माझ्याकडून."

आई रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग आता सांगा नीट."

डॉक्टर आले, बाळाला तपासलं, दूध थोडं वाढवायला सांगितलं, आणि दर थोड्या वेळाने बघत राहा म्हणाले. वेळेत आलात, असं ते म्हणाले. काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. बडबड्याने मशीनमध्ये तक्ता भरला. पुन्हाताईने तार आपल्या मनगटावर चिकटवली, कांडी लावली आणि हात खाली धरला. कातडी तापत गेली, चुरचुरायला लागली. घंटा तिच्या आकड्यावर वाजली. तिने हात गार होऊ दिला आणि पुन्हा धरला. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा धरायला लागली तेव्हा बडबड्याने हळूच तार काढून घेतली.

ऑफिसात परतल्यावर तिने सेटिंगची फाइल उघडली आणि पुसून कोरी केली. मग एकेक ओळ स्वतः लिहिली. आधी नाव. दुर्लक्ष करायची यादी तिने रिकामी ठेवली. मग तक्ता साठ्यात टाकला, या वेळी सगळं घे न म्हणता त्याचं नाव घेऊन. कारण लिहायच्या जागी तिने लिहिलं, छोट्या मशीनचा तक्ता आत्तापर्यंत साठ्यात नव्हता, माझ्या सेटिंगमुळे राहून गेला होता. खाली टूलने आपणहून तिचं नाव जोडलं. इतकी वर्षं त्या नावाकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं. आज तिने ते बोट ठेवून वाचलं.

मग ती उठून आपल्या खात्यात टेबलाटेबलापाशी गेली. "तुझी सेटिंग उघड." आजोबांचं पातेलं सगळ्यांकडेच होतं.

पाठवण्यासाठी बांधून ठेवलेली छोटी मशीनं साहेबांनी थांबवली आणि तिला आत बोलावलं. आरडाओरडा झाला नाही. ते म्हणाले, लेखी द्या, दवाखान्याला मी स्वतः कळवतो, पुढचं काय ते वरचे ठरवतील. काय ठरेल ते तिला माहीत नव्हतं आणि साहेबांनाही नसावं. घरी नवऱ्याने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून स्वतःच ताटं वाढली. जेवताना तिने सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "बाळ कसं आहे?"

"संध्याकाळी विचारलं तेव्हा बरं होतं."

"मग उद्या पुन्हा विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिने कुलूप किती वेळा ओढलं ते त्याने मोजलं नाही. ऑफिसात पोचल्याबरोबर तिने दवाखान्यात फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलत का नाही? काल बरं होतं. रात्रीत काही झालं असेल. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

शेवटी सिस्टरने उचलला, आणि पाठीमागून, तिच्या आवाजाच्याही वरून, तो आवाज आला. टूं टूं टूं.

"थांबा हो, आले," सिस्टर कुणाला तरी म्हणाली, मशीनलाच बहुतेक. आवाज थांबला. पावलं परत आली. "बोला."

"मी काल आलेली. बाळ कसं आहे?"

"दूध पितंय. रंग आलाय चांगला. पण बाई, काय करून ठेवलंत मशीनला? सकाळपासून तिसऱ्यांदा. तार जरा सैल झाली की ओरडतं, बाळ जरा तापलं की ओरडतं. कान किटले आमचे."

पुन्हाताई खुर्चीत बसली.

"सिस्टर," ती म्हणाली, "पुन्हा वाजलं की मला सांगाल?"